विहीर, स्लॅब आणि मजुराचा जीव



लागणीची तारीख, बेणे, खताचा हप्ता, पाण्याची पाळी यांविषयी आपण नेहमी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्या बांधावरचाच. उसाचे बिल हाती आले की आपल्यापैकी बहुतेकजण दोन कामांना हात घालतात. एक विहीर आणि दुसरे घर. कुणी जुनी विहीर खोल करतो, कुणी नवी पाडतो, कुणी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकतो, तर कुणी गोठ्यावर नवे पत्रे चढवतो. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी असते. कोणीतरी माणूस जमिनीच्या बराच वर चढलेला असतो, नाहीतर बराच खाली उतरलेला असतो. हा लेख त्या माणसाविषयी आहे.

आपल्या तालुक्यात काय घडले

१ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे एका विहिरीत रिंगचे काम चालू होते. विहीर शंभर फुटांहून अधिक खोल. काम चालू असतानाच रिंग आणि कडेचा मुरूम ढासळला व चार कामगार ढिगाऱ्याखाली गाडले गेले. चौघेही जवळच्याच बेलवाडीचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, पोकलेन लागले, रात्रंदिवस माती उपसली. तीन दिवसांच्या खटाटोपानंतर हाती आले ते चौघांचे मृतदेह.

योगायोग असा की, त्याच मध्यरात्री ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. एकीकडे इंजिनियर आणि कोट्यवधींची यंत्रे, दुसरीकडे शेतातली एक विहीर. चोवीस तासांच्या आत दोन्हीकडे घरातली कमावती माणसे गेली.

त्याआधीची आठवणही फार जुनी नाही. २० नोव्हेंबर २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातच अकोले येथे नीरा-भीमा जोड बोगद्याच्या कामावर कामगारांना खोल शाफ्टमधून क्रेनने वर काढले जात होते. दोर तुटला, आणि दिवसभराचे काम संपवून घरी निघालेले आठ कामगार प्राणास मुकले.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते. "नशिबातच होतं, कोण काय करणार?" दुःखाच्या घरी असे बोलावेच लागते. पण पुढच्या वर्षी स्वतःच्या विहिरीवर माणूस उतरवताना हे वाक्य बाजूला ठेवले पाहिजे. दोर कधी तपासला होता, कडेला भार किती होता, रिंग किती दिवसांची होती, हे प्रश्न नशिबाचे नाहीत. त्यांची उत्तरे काम सुरू करण्यापूर्वी मिळू शकतात.

पडायला वेळ लागत नाही

"दहा फुटांवरून काय होतंय?" असे आपण सहज म्हणतो. जरा हिशेब करून पाहू. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. म्हणजे मोटारसायकलवरून जाता जाता थेट भिंतीवर आदळावे तसा तो आदळतो. वीस फुटांवरून हा वेग ताशी ३९ किलोमीटर होतो. शंभर फुटांच्या विहिरीत अडीच सेकंद लागतात आणि वेग जातो ताशी ८८ किलोमीटरपर्यंत. पाऊण सेकंदात हात पुढे करून काही धरणे कोणालाच जमत नाही, मग गवंडी कितीही अनुभवी असो. म्हणून पडल्यावर काय करायचे यापेक्षा माणूस पडूच नये याची तजवीज आधी करायची असते.

मातीचेही तसेच आहे. ओली माती किंवा मुरूम घनफुटाला साधारण अर्धा क्विंटल भरतो. विहिरीच्या कडेचा १० फूट लांब, ६ फूट उंच आणि २ फूट जाडीचा ढपला सुटला, तर तो १२० घनफूट झाला. वजन ६० क्विंटल, म्हणजे ६ टन. उसाने भरलेल्या तीन बैलगाड्या अंगावर रिकाम्या केल्यासारखे. माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी श्वास घ्यायला छाती फुलत नाही. तोंड उघडे राहिले म्हणजे जीव वाचला, असे मुळीच नाही.

कडा का ढासळते

आपल्या आजोबांच्या काळातली विहीर बहुधा चाळीस-पन्नास फुटांची असे. माणसे ती हाताने, दमादमाने खणत आणि दगडाने बांधून घेत. आता पोकलेन येतो, काही दिवसांत खोली शंभर फुटांच्या पुढे जाते, आणि रुंदीही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असते. आवर्तन लांबले तर ऊस जगवायचा कसा, या चिंतेपोटी आपण विहीर मोठी करतो. त्यात चूक काही नाही. मात्र विहीर मोठी झाली तशी बेताची रीत जुनीच राहिली.

कोरडा मुरूम तासलेल्या भिंतीसारखा सरळ उभा राहतो. आपण फसतो ते इथेच. त्यात पाणी मुरले की त्याची पकड सुटते. हे पाणी पावसाचे असते, पाटाचे असते, आणि कित्येकदा विहिरीला लागूनच असलेल्या आपल्याच उसाला सोडलेले असते. त्यात काढलेला मुरूम कडेवरच ढीग करून ठेवलेला, पलीकडून ट्रॅक्टर-ट्रॉली जाते, पोकलेनचा हादरा बसतो, सुरुंगाने खडक आधीच सैल झालेला असतो. आज ओतलेली रिंग उद्या भार घ्यायला तयार नसते. काँक्रीटला ताकद यायला दिवस लागतात. पण खाली काम करणाऱ्याला घाई असते, कारण त्याचा दर फुटावर ठरलेला असतो.

उक्ते दिले म्हणजे सुटलो का?

आता मुद्द्याचे बोलू. आपण काम उक्ते देतो. इतके फूट, इतका दर, सिमेंट-सळई मालकाची, मजुरी ठेकेदाराची. व्यवहार ठरताना चहा होतो, हातावर विसार पडतो आणि मालक उसात निघून जातो. त्या बोलण्यात परांचीचे लाकूड, शिडी, पट्टा, कडा धरून ठेवणारे टेकू यांचा खर्च कोणाचा, हे ठरलेले नसते. जो खर्च कोणाचाच नसतो, तो कोणीच करत नाही. दर पाडून मागणारे आपणच असतो. शंभर रुपये कमी घेणारा ठेकेदार ते शंभर रुपये कुठून वाचवतो, हे आपण विचारत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला. महाराष्ट्राचे नियम २००७ साली आले आणि २०११ साली राज्यात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून १९९६ च्या कायद्याची जागा आता तिने घेतली आहे. पण बांधकामावरील सुरक्षेची ही कलमे मुख्यतः दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कामांसाठी आहेत. आपल्या विहिरीवर चार-पाच माणसे असतात. म्हणजे तपासायला कोणी साहेब येणार नाही. तिथे पाहणारा एकच, जागेचा मालक. आणि निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहेच, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "काम उक्तं दिलं होतं" एवढ्या उत्तरावर ते प्रकरण मिटत नाही.

कायद्याचे सोडा. गावात त्या घरापुढून रोज जायचे असते. तेवढे एक कारण पुरेसे आहे.

माणूस चढवण्यापूर्वी, उतरवण्यापूर्वी

खालील गोष्टी मालकाने स्वतः उभे राहून पाहाव्यात. यांतील बहुतेकांना पैसा फार लागत नाही, लक्ष लागते.

१. विहिरीची कडा मोकळी ठेवा. काढलेला मुरूम कडेपासून निदान पाच फूट दूर टाका, आणि विहीर खोल असेल तर त्याहून बराच लांब. ट्रॅक्टर, सिमेंट मिक्सर, पोकलेन कडेला उभे करू नका. विहिरीशेजारच्या रानाला काम संपेपर्यंत पाणी देऊ नका. पाऊस झाला तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही. कडेला नवी चीर दिसली तर काम तिथेच थांबवायचे.

२. मोठ्या विहिरीला जाणत्याचा सल्ला घ्या. कडा सरळ न तासता उतरती ठेवावी किंवा पायऱ्या पाडाव्यात. रान त्यात थोडे जाते, पण माणूस वाचतो. रिंग किती फुटांनी ओतायची आणि पुढे खणायला किती दिवस थांबायचे, हे स्थापत्य अभियंत्याकडून लिहून घ्यावे. त्याची फी विहिरीच्या एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही.

३. यारीच्या बादलीत माणूस बसवू नका. मुरूम वाहणारा तारदोर मुरमासाठीच असतो. माणसांना वर-खाली न्यायचेच असेल तर वेगळा पाळणा, वेगळा मजबूत दोर आणि यारीवर सराईत माणूस हवा. तारदोर रोज सकाळी पाहावा. तारा तुटून बाहेर आलेल्या, गंज चढलेला, पीळ उकललेला किंवा मुरड पडलेली दिसली की दोर बदलावा. जुना दोर मोटारीला वापरता येईल, माणसाला नाही.

४. खालची हवा तपासा. विहिरीत किंवा टाकीत उतरवून चालवलेल्या डिझेल इंजिनाचा धूर माणूस मारतो. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, असे धरू नका, कारण इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिव्याला कळत नाही. १५ मार्च २०२३ रोजी बारामती तालुक्यातील खांडज येथे जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चौघे गेले. एकाला वाचवायला दुसरा उतरला, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. दोर न बांधता वाचवायला उतरणे म्हणजे घरात आणखी एक प्रेत आणणे. वरून ओढता येईल अशा दोराला बांधल्याशिवाय कोणी उतरायचे नाही.

५. शिडी नीट लावा. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, हे प्रमाण. वीस फूट चढायचे तर शिडीचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर. वरचे टोक स्लॅबच्या तीन फूट वर राहावे आणि बांधलेले असावे. दोन्ही हातांत घमेले घेऊन शिडी चढायची नाही.

६. परांचीच्या फळ्या मोजा. एका फळीवर उभे राहून गिलावा करणे आपल्याकडे सर्रास चालते. निदान दोन-तीन फळ्या सलग, दोन्ही टोकांना बांधलेल्या आणि बाहेरच्या बाजूला कमरेएवढा आडवा बांबू असावा. कुजलेला काथ्या आणि वाळवी लागलेली बल्ली चुलीत घालावी. ती पुन्हा परांचीला लावू नये.

७. सेंटरिंग लवकर काढू नका. स्लॅबखालचे टेकू लहान गाळ्याला निदान ७ दिवस आणि साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याला निदान १४ दिवस ठेवावे लागतात. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या कामावर न्यायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. आपण करू नये.

८. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. गोठ्यावरचा जुना पत्रा वरून धड दिसतो, पण उन्हापावसाने तो ठिसूळ झालेला असतो. फुटलेला पत्रा बदलायला चढलेला माणूस शेजारच्या पत्र्यातून खाली येतो. आधी फळी टाकावी, फळीवरूनच चालावे, आणि फळी खालच्या वाशांवर टेकलेली असावी.

९. वरची तार पाहा. घरावरून किंवा शेजारून विजेची लाइन जात असेल तर सळई उभी करताना ती तारेला लागू शकते. काम सुरू होण्याआधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

पट्टा, हेल्मेट आणि शिकवणूक

कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगारांना हेल्मेट, बूट, पट्टा असा सुरक्षा संच देण्यात येतो. संच घरी येतो, हेल्मेट खुंटीला लटकते आणि गवंडी डोक्याला टॉवेल गुंडाळून कामावर येतो. कारण विचारले तर म्हणतो, "गरम होतं, काम सुचत नाही." खरे कारण वेगळे आहे. पट्टा कसा घालायचा आणि कुठे बांधायचा, हे त्याला कोणी करून दाखवलेलेच नसते.

पट्टा घातला पण तो कुठे अडकवलाच नाही, तर ती नुसती शोभा. सेंटरिंगच्या टेकूला किंवा नव्या विटेच्या भिंतीला अडकवला, तर माणसाबरोबर टेकूही खाली येतो. तो डोक्याच्या वर, पक्क्या कॉलमला किंवा तुळईला बांधावा, आणि दोर इतका लांब नसावा की माणूस आधी जमिनीला लागेल. नुसता कमरेचा पट्टाही पुरत नाही. त्यावर झटका बसला तर पोटाला व मणक्याला इजा होते. खांदे आणि मांड्या धरणारा अंगभर पट्टा घ्यावा. पट्ट्यावर व हेल्मेटवर भारतीय मानक संस्थेचा शिक्का पाहून घ्यावा. एका चांगल्या पट्ट्याची किंमत गवंड्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी असते.

शिकवणूक म्हटले की आपल्याला वर्ग आणि फळा दिसतो. इथे त्याची गरज नाही. नवीन ठिबक संच आला की शेतकी विभागाचे लोक बांधावर येऊन जोडून दाखवतात आणि आपण एका दुपारीत शिकतो. तसेच हे आहे. पट्टा घालून पाहणे, गाठ मारून पाहणे, यारीवाल्याला 'वर', 'खाली', 'थांब' या तीन खुणा सगळ्यांनी एकसारख्या करणे, आणि 'थांब' म्हणण्याचा हक्क सर्वांत लहान बिगाऱ्यालाही देणे. एवढे एका सकाळी होते. कारखान्याच्या ऑफ-सीझनमध्ये टाक्या, बॉयलर, चिमणीची कामे निघतात. तिथे लेखी परवान्याशिवाय माणूस चढवायचा नाही, ही कारखानदारीतली मान्य रीत आहे. ज्याने परवान्यावर सही केली तो जबाबदार. विहिरीवर असा कागद नसेना का, पण "आज मी दोर पाहिला, कडा पाहिली, मग माणूस उतरवला" असे म्हणणारा एक माणूस रोज ठरलेला असावा. आणि खाली माणूस असेपर्यंत वर कोणीतरी जागेवर असलेच पाहिजे. जेवायला सगळे एकदम जायचे नाही.

विमा आणि पहिली मदत

पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. मणका दुखावला असेल तर त्या उचलण्यानेच तो कायमचा पांगळा होतो. मान व पाठ सरळ राहील असे फळीवर घ्यावे आणि १०८ ला फोन करावा.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात उंचावरून पडून झालेल्या मृत्यूचाही समावेश असून वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराच्या घरी यातले काही जात नाही. त्याच्यासाठी दोन सोप्या गोष्टी करता येतील. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. दुसरे, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची मंडळात नोंदणी होते. नोंदणी असेल आणि कामावर असताना मृत्यू झाला, तर वारसाला ५ लाखांची मदत आहे. पहिल्यासाठी मजुराला बँकेत घेऊन जावे आणि दुसऱ्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला बिनतक्रार द्यावा. एवढे मालकाला सहज करता येते.

एकत्र मिळून

प्रत्येकाने पट्टे, शिड्या, दोर विकत घ्यावेत असे नाही. विहीर आपण रोज खणत नाही. गावोगावी अवजारे बँका झाल्या आहेत. पेरणी यंत्र व रोटावेटर भाड्याने मिळतात, तसे चार अंगभर पट्टे, सहा हेल्मेट, एक चांगली शिडी आणि तपासलेला दोर गट कार्यालयाच्या गावी ठेवता येतील. गटातील सभासदांनी मागणी केली, वार्षिक सभेत विषय मांडला, तर ही काही अवघड गोष्ट नाही. सहकारात आपण यापेक्षा मोठी कामे केली आहेत.

तोवर एक करा. पुढच्या कामाचा दर ठरवताना परांची, टेकू, पट्टा आणि दोर यांची रक्कम वेगळी लिहा, ती कबूल करा आणि ठेकेदाराने ती त्याच कामी खर्च केली की नाही ते पाहा. दर थोडा वाढेल. माणूस उतरवायच्या दिवशी सकाळी उसाला पाणी द्यायला जाण्याआधी विहिरीवर थांबा, दोर हातात घेऊन पाहा, आणि मगच खाली उतरायला सांगा.